मांडवातला लॅपटॉप

आये, तुझा लॅपटॉप चालू होत नव्हता. तुझा म्हणते, पण तो माझ्या ऑफिसने काढून टाकलेला, मी उचलून आणलेला, आणि त्याच्यावर काम केलं ते मीच. तू त्याला आयुष्यात एकदाच हात लावलास, तोही हळदीचा. तरी घरात तो तुझाच म्हणून ओळखला जातो. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, तुझ्या लुगड्यांच्या मागे, काळ्या बॅगेत तो इतकी वर्षं पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत दरवेळी कोणीतरी विचारायचं, हा भंगारात द्यायचा का, आणि मी म्हणायचे, आईचा आहे, राहू दे. विचारणारा बॅग परत वर ठेवायचा. मेलेल्या माणसाच्या वस्तूला कोणी हात लावत नाही, हा एक फायदा असतो. तोटा असा की आपणही लावत नाही.

या वर्षी तुझ्या नातीचं लग्न ठरलं. तू गेलीस तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता ती घोडबंदर रोडच्या एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवते, आणि घरात माझं डोकं वाकवायचा प्रयत्न करते. मुलगा कल्याणजवळच्या मोहने गावचा आहे, आपल्यातलाच. मांडव आपल्याच दारात घालायचा ठरला. मी एकुलती एक म्हणून तुझा जावई या घरात राहायला आला, तेव्हा तू म्हणाली होतीस की मुलीची पाठवणी चुकली, आता नातीची तरी या दारातून होऊ दे. कोलशेतच्या गावठाणात आता आपल्यासारखी बैठी घरं थोडीच उरली आहेत. चारी बाजूंनी टॉवर उठले आहेत आणि दुपारनंतर आपल्या अंगणात त्यांच्याच सावल्या पडतात. पण अंगण आहे. तारीख निघाल्याबरोबर नातीने सांगून टाकलं की हळदीला आधी आजी, मग डीजे. आजीचा लॅपटॉपातला धवला वाजल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही, आणि मी बसले नाही तर तुम्ही एकमेकांनाच हळद लावा. हट्टीपणा कुठून आला ते तुला सांगायला नको.

तुझं काम काय होतं हे मी ऑफिसात कोणाला सांगायला गेले की माझी पंचाईत व्हायची. माझी आई धवलारीण होती म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे गायिका का. मी हो म्हणायचे, कारण खरं सांगायला वेळ लागायचा. लग्न असलेल्या घरी तू जायचीस, मांडवात बसायचीस, आणि धवला गाऊन बोलवायचीस. आधी देवांना, गावदेवीला, खाडीला, मिठागराच्या बांधावरच्या राखणदारांना, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला, नावानिशी. ज्याचं नाव घेतलं तो आला. ज्याचं राहिलं तो वेशीबाहेर उभा राहिला. म्हणून लोक तुला आदल्या दिवशी घरी येऊन सगळी नावं सांगून जायचे, आणि कोणाचं नाव सुटलं तर वर्षानुवर्षं बोल लावायचे. मला सगळ्यांत नवल वाटायचं ते बाबांच्या नावाचं. घरात तू कधी बाबांचं नाव घेतलं नाहीस. रेशनच्या दुकानात विचारलं तरी माझ्याकडे बोट दाखवून ही सांगेल म्हणायचीस. पण बाबा गेल्यावर काकांच्या मांडवात तू त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, भरल्या आवाजात घेतलंस. मी ओट्यावर उभी होते. मला वाटलं, आता ते खरंच कुठूनतरी बनियनवर येतील आणि मला एवढ्या मोठ्याने का हाका मारतेस म्हणून विचारतील.

मी धवले शिकले नाही. त्याचं कारण म्हणजे आपलं स्वयंपाकघर. मी सातवी-आठवीत असेन. तू निवट्या साफ करते आहेस, मी शेजारी तांदूळ निवडत बसले आहे. तुझ्याबरोबर लग्नाला जाऊन जाऊन कानात बसलेली एक ओळ मी सहज गुणगुणायला लागते. तुझा माशांचा हात तसाच माझ्या मनगटावर येतो. तू मारत नाहीस, नुसतं धरून ठेवतेस. "कोनाला बोलावतंस गो?" तू विचारतेस. "मांडव हाय कुठं? आले तं कं घालशील त्यांना?" तुझ्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती मला रागापेक्षा जास्त लागली. दारात पाहुणे उभे करून ठेवायचे आणि घरात पाणीही नाही, असं काहीतरी मी करून बसले होते. त्यानंतर मी धवला तोंडात आणला नाही. तूही शिक म्हणाली नाहीस. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, माजिवड्याला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर लागले. तिथे दिवसभर कानाला हेडफोन लावून मी लोकांची बंद पडलेली यंत्रं फोनवरून चालू करून देते. शेजारणी विचारायच्या तेव्हा तू सांगायचीस, मी गेलेल्यांना बोलावतंय आन् ही बंद पडलेल्यांना. तुझा विनोद मला तेव्हा आवडायचा नाही.

ज्या दिवशी तू त्या लॅपटॉपला हात लावलास तो दिवस मला नीट आठवतो. डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो माझ्या हातात दिला होता आणि तुला काही सांगितलं नव्हतं. तुला न सांगताही सगळं कळत असे. तू सकाळी न्हालीस, हिरवं लुगडं नेसलीस आणि म्हणालीस, तो तुजा डबा घे, त्याच्यात आवाज राहतो ना. मी म्हटलं, राहतो. मला वाटलं एखादं गाणं म्हणशील. पण मांडव नसताना धवला म्हणायचा नाही हा तुझाच नियम, म्हणून तू आधी मांडव केलास. ओट्यावर चार बाजूंना चार आंब्याचे टहाळे खोवलेस, मधे तांदळाचा चौक काढलास, चौकावर पाट मांडलास आणि पाटावर लॅपटॉप ठेवलास. त्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलंस. मी किंचाळायचीच बाकी होते, कारण तू ओल्या हळदीच्या अक्षता त्याच्यावर उधळल्यास. की-बोर्डवर पडलेले दाणे मी एकेक करून वेचते आहे आणि तू शांतपणे सांगतेस, "माज्या नातीची हलद हाय आज, असा समज."

धवला एकटीने होत नाही. एकीने बोल टाकायचा, दुसरीने तो झेलायचा. तुझा बोल झेलायला कायम मोहन्याची मावशी असायची. ती सख्खी मावशी नव्हे, पण मला कळायला लागल्यापासून मी तिला मावशीच म्हणते. त्या दिवसांत तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. तू मला म्हणालीस, तू झेल. मी नको म्हटलं. माझा आवाज मधे आला तर रेकॉर्डिंग बिघडेल, तुझा एकटीचाच स्वच्छ येऊ दे. हे मी हेल्पडेस्कवाल्या शहाणपणाने सांगितलं, पण खरं कारण लहानपणी तू धरलेलं ते मनगट होतं. तू म्हणालीस, ठीक आहे, मी जागा ठेवतंय. आणि खरोखरच ठेवलीस. प्रत्येक ओळीनंतर एका ओळीएवढी गप्प राहिलीस. मी स्क्रीनवरची हिरवी पट्टी बघत बसले होते. तू गायलीस की ती वर चढायची, तू थांबलीस की खाली बसायची. शेवटी शेवटी, बाबांचं नाव झाल्यावर, एका ठिकाणी तू नुसतीच चाल धरलीस. शब्द नव्हते. मला वाटलं, विसरलीस, किंवा दम लागला. मी पाणी आणायला उठले तर तू हाताने बस म्हणून खुणावलंस.

झाल्यावर तू अट घातलीस. "ह्ये एकाच मांडवात वाजवाचा. दुसऱ्या मांडवात नाय, आन् त्याच्या आधी नाय." मी म्हटलं, निदान दुसरीकडे उतरवून ठेवते, बिघडलं तर. तू म्हणालीस, एकदा बोलावलेले देव दहा ठिकाणी ठेवून द्यायचे असतात का. उरलेल्या अक्षता तू लुगड्याच्या चिंधीत बांधल्यास आणि लॅपटॉपच्या बॅगेच्या बाहेरच्या खणात टाकल्यास, मांडवात लागतील म्हणून. पावसाळा संपता संपता तू गेलीस. मी लॅपटॉप आणखी काही दिवस वापरला असता, पण उघडला की तो हळदीचा डाग दिसायचा. मी त्याला बॅगेत घालून वर ठेवून दिलं.

म्हणजे अवस्था अशी होती, आये. नातीला तुझा धवला हवा, तो जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण चालू होत नाही. धवलारणी अजून आहेत. कल्याणच्या पुढच्या गावातून एखादी आणता आली असती. मोहन्याच्या मावशीलाही मी फोन केला. म्हटलं, तू इतकी वर्षं आईच्या मागे म्हटलंस, तूच म्हण. मावशी म्हणाली, "पयला बोल तिचा, मागला माजा. पयला मना कवा आलाच नाय, बाय." तिने आयुष्यभर प्रत्येक ओळ म्हटली होती, पण कोणीतरी म्हटल्यानंतर. तिच्या डोक्यात सगळा धवला होता आणि त्याला सुरुवात नव्हती.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप ओट्यावर काढला. चार्जर लावला. चार्जरवरचा हिरवा दिवा लागला. लॅपटॉपचं बटण दाबलं, काही नाही. मग मी दिवसभर लोकांना जे सांगते ते सगळं केलं. सॉकेट बदललं. बॅटरी काढली, बटण बराच वेळ दाबून धरलं, आत कुठे अडकलेला करंट असतो तो निघून जावा म्हणून. बॅटरी परत बसवली. मग पुन्हा काढून नुसत्या चार्जरवर लावून पाहिलं. पोटाला कान लावला, पंखा फिरतो का ऐकायला. अंधारात पडद्यावर टॉर्च मारली, कधीकधी मागचा दिवा गेलेला असतो आणि चित्र अंधुक दिसतं. काही म्हणजे काही नाही. तुझा जावई चहाचा कप घेऊन आला आणि म्हणाला, पिन नीट बसली आहे का बघ. मी त्याला म्हटलं, हे माझं रोजचं काम आहे, तू लाइटचं बिल भर. तो निघून गेला.

मग माजिवड्याच्या नाक्यावर, फ्लायओव्हरखाली एक दुरुस्तीचं दुकान आहे तिथे नेला. दुकानदाराने तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि हसला. बटण दाबलं. "बोर्ड गया है ताई," तो म्हणाला. "इसका पार्ट अब आता नहीं. हार्ड डिस्क निकाल के दूसरे में कॉपी कर देता हूं, संध्याकाळी घेऊन जा." माणूस सरळ होता आणि सल्लाही योग्य होता. रोज मी स्वतः हाच सल्ला देते. तरी मी लॅपटॉप उचलून छातीशी धरला आणि नको म्हणून घरी आले. तुझ्या नातीने माझी हजेरी घेतली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. लग्न तोंडावर आलं होतं, आणि मी एका गेलेल्या बाईच्या शब्दासाठी तिचाच आवाज घालवायला निघाले होते.

"आई, आजीला कॉपी म्हणजे काय ते तरी माहीत होतं का?" ती म्हणाली.

"तिला बोलावणं म्हणजे काय ते माहीत होतं," मी म्हटलं. हे म्हणताना मी फार ठाम दिसले असेन. आतून मला काहीच कळत नव्हतं. मी तुझ्यावर चिडले होते, आये. फार चिडले होते. मनात म्हणत होते, तुला तुझे नियम घालून सुटता आलं, इथे मला दोघींच्या मधे उभं करून गेलीस. डोळ्यांत पाणी आलं नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तुझ्याशी भांडले, आणि भांडताना बरं वाटलं हेही सांगते.

शेवटचा उपाय म्हणून मी ऑफिसच्या अडगळीतून त्याच कंपनीचा एक जुना चार्जर शोधून आणला. तोही लावला, तरी लॅपटॉप मेलेलाच. पण या चार्जरच्या पिनेला गळ्याशी एक पांढरी कड होती, आणि ती कड बाहेर राहिली होती. नखाएवढं अंतर होतं. मी जोर देऊन पाहिला. पिन पुढे जाईना. मी ओट्यावरच मांडी घालून बसले आणि मला हसू यायला लागलं. माझ्या कामातला पहिला प्रश्न हा आहे. साहेब, पिन नीट आत बसली आहे का? लोक चिडतात. म्हणतात, आम्ही काय मूर्ख आहोत का. मी गोड आवाजात म्हणते, एकदा बघून घ्या ना. तेवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. नवऱ्याने विचारला तर त्याला बिल भरायला पाठवलं होतं.

टॉर्च लावून पाहिलं तर लॅपटॉपच्या त्या बारीक भोकात काहीतरी अडकलेलं होतं. गोधडीची सुई आणली. हळूहळू, आतली तार मोडू न देता, कडेने उचकटलं. बाहेर आला तो तांदळाचा दाणा. काळपट, वाळून खडा झालेला. मी तो तळहातावर घेऊन ओल्या अंगठ्याने चोळला आणि अंगठा पिवळा झाला. बॅगेचा बाहेरचा खण उघडला. चिंधी झुरळांनी खाल्ली होती आणि अक्षता बॅगभर पसरल्या होत्या, शिवणींत, चार्जरच्या वेटोळ्यात, सगळीकडे. वर्षानुवर्षं दिवाळीला बॅग इकडून तिकडे होत राहिली, त्यातच कधीतरी एक दाणा जाऊन तिथे बसला. तू मांडवासाठी ठेवलेल्या अक्षता मांडवाआधीच कामाला लागल्या होत्या, आणि अट माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त नीट पाळली होती. मी तो दाणा टाकला नाही. देवाच्या ताटात ठेवला.

पिन गळ्यापर्यंत गेली. नारिंगी दिवा लागला. बटण दाबलं तर आत पंखा खरखरला आणि पडद्यावर उजेड आला. त्याने आधी तक्रार केली की घड्याळ बंद पडलं आहे, तारीख सांगा. आतला छोटा सेल संपला की असं होतं, आणि मग यंत्र आपल्या मनाने कुठल्यातरी जुन्या दिवसावर जाऊन बसतं. त्याने दाखवलेली तारीख तू होतीस तेव्हाची होती. मी ती बदलली नाही. फाइल जागेवर होती. नीट उघडते का एवढंच पाहायला मी ती लावली. आधी पाटाचा आवाज आला, मग तुझा खोकला, मग तू विचारलंस, चालू झाला क, आणि एक तरुण, घाईतली बाई म्हणाली, हो, गा आता. ती मी होते. मी लगेच बंद केलं. तुझी नात दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि बॅगेतल्या अक्षता वेचू लागली.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात अख्खं गाव होतं. डीजेवाला म्हणजे मागच्या आळीतला, तुझ्या चुलत दिराचा नातू. त्याचे स्पीकर आपल्या दारापेक्षा उंच होते. मी त्याला लॅपटॉपची वायर दिली तेव्हा त्याने तो डाग पाहिला, चपला काढल्या आणि मगच वायर जोडली. आवाज किती ठेवू, आत्या? मी म्हटलं, आई बोलायची तेवढा. त्याने जन्मात पहिल्यांदा बटण खाली फिरवलं असेल. लॅपटॉप पाटावर ठेवला, पाट चौकावर. बॅटरी केव्हाच मेली होती आणि भोक सैल झालं होतं, जरा धक्का लागला असता तर सगळं बंद पडलं असतं. म्हणून मी पाटाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि पिन बोटांनी दाबून धरली. तुझी नात पाटाला नमस्कार करून आपल्या पाटावर बसली. मोहन्याची मावशी खुर्चीवर होती, तिला खाली बसता येत नाही आता.

तू सुरू केलंस. मला वाटलं होतं माणसं कुजबुजतील, पोरं फोन काढतील. तसं झालंही थोडं. पण तुझी पहिली ओळ संपली, तू जागा ठेवलीस, आणि त्या जागेत मावशीचा आवाज आला. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते. तू टाकलंस, तिने झेललं. तू पुन्हा टाकलंस, तिने पुन्हा झेललं. तुझा आवाज होता त्याच वयाचा राहिला होता आणि तिचा म्हातारा झाला होता, तरी दोन्ही एकमेकांत बरोबर बसत होते. हळूहळू पोरांनी फोन खिशात घातले. गावदेवी आली, खाडी आली, बांधावरचे राखणदार आले. मग घरातले. तुझे सासरे, सासू, लहानपणी गेलेला दीर. जावयाकडचेही तू लक्षात ठेवले होतेस. तो मागे मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि त्याच्या बापाचं नाव आलं तेव्हा त्याने मान खाली घातली. मग बाबा. पूर्ण नाव. मावशीने झेललं.

आणि मग ती जागा आली. तू नुसती चाल धरलीस. शब्द नाहीत. माझ्या लक्षात होतं, इथे तू विसरली होतीस. पण विसरलेलं माणूस चाचपडतं. तू चाचपडत नव्हतीस. ओळ जशी असते तशीच होती, सुरुवात, हेलकावा, शेवट, फक्त नावाच्या ठिकाणी रिकामी. मावशीने झेललं नाही. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तू लॅपटॉपमध्ये पुन्हा पहिल्यापासून तीच रिकामी चाल धरलीस, जसं एखाद्या मुलीला पुन्हा समजावून सांगावं तसं. मावशी म्हणाली, "ही जागा तिची हाय. तिचा नाव तुनाच घेवाला पायजे."

तेव्हा मला कळलं. सगळ्यांना बोलावून झाल्यावर तू स्वतःला बोलावू शकत नव्हतीस. आपण जिवंत असताना आपलं नाव त्या रांगेत घेता येत नाही. आणि त्या दिवशी सकाळी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, तू नातीच्या हळदीत स्वतःसाठी जागा धरून ठेवली होतीस. पाणी आणायला उठले तेव्हा तू मला बस म्हणालीस, कारण जे चाललं होतं ते माझ्यासाठीच चाललं होतं. माझं बोट पिनेवर होतं. अख्खं अंगण माझ्याकडे बघत होतं. तुझी नात हळद लावायला पुढे केलेला चेहरा तसाच ठेवून माझ्याकडे बघत होती. तिने डोळ्यांनी म्हटलं, म्हण ना.

आये, मी म्हटलं. आवाज फाटला, पण चाल बरोबर आली, इतक्या वर्षांनंतरही आली. मावशीने झेललं. लॅपटॉपात तू पुढच्या ओळीवर गेलीस, जणू वाटच बघत होतीस. हळद लागली, बायकांनी डोळे पुसले, मग डीजेवाल्याने बटण वर फिरवलं आणि मावशीसुद्धा खुर्चीत बसून हात हलवायला लागली. मी पिन सोडली. यंत्र त्याच क्षणी बंद झालं आणि मी ते लुगड्यात गुंडाळून आत नेऊन ठेवलं.

आता लग्न होऊन गेलं आहे. नात मोहन्याला आहे, रोज फोन करते आणि गुडघ्यांचे व्यायाम केलेस का विचारते. मांडव काल उतरवला. आज मी पिन दाबून हे त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं असतं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं, कारण यातली एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. त्या जागेत मी तुझं नाव घेतलं नाही. नुसतं आये म्हटलं. नंतर मावशी म्हणाली, नाव राहिलं गो, आणि मी सांगितलं की ऐनवेळी घसा भरून आला, नाव आठवेना. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पण तसं नव्हतं. नाव जिभेवर आलं होतं. ते घेतलं असतं तर तू बाबांच्या शेजारी, त्या सगळ्यांच्या रांगेत जाऊन बसली असतीस, आणि मला तुला अजून तिथे बसवायचं नव्हतं. त्या अंगणात तुला आये म्हणणारी मी एकटीच होते. तेवढ्यावर तुला वाट सापडली असेल तर बरं. नसेल, तर तू अजून वेशीबाहेर उभी आहेस, आणि ते माझ्यामुळे आहे.